एक डबा, सहा पानं

पाहुणे अवेळी टपकले की मराठी घरात पिठल्याची आठवण होते, आणि पानात पिठलं वाढताना घरातली बाई हमखास म्हणते, "विशेष काही नाही हो, आपलं साधंच." जमैकात हे वाक्य बुली बीफ वाढताना ऐकू येतं. बुली बीफ म्हणजे डब्यातलं खारवलेलं गोमांस. कांदा-टोमॅटो-मिरचीत ते परतायचं आणि पांढऱ्या भाताबरोबर खायचं. महिनाअखेर असो, वादळात वीज गेलेली असो, नाहीतर बाजारात जायचा निव्वळ कंटाळा असो, हा डबा फडताळातून खाली येतो. वाढणारी थोडी ओशाळते, आणि जेवणारे पुन्हा पुन्हा भात मागून घेतात.

किंग्स्टनमध्ये मी मोना भागात, विद्यापीठाच्या जवळ राहत होते. किंग्स्टन हे गाव आमच्या पिढीला भूगोलाच्या पुस्तकाने दाखवलं नाही, क्रिकेटने दाखवलं. १९७१ साली तिथल्या सबायना पार्कवर भारताची ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली, तेव्हा दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि एकनाथ सोलकरांनी त्यांना साथ देत ६१. वडिलांनी ही हकिकत इतक्या वेळा सांगितली होती की विमानातून उतरताना ते शहर मला ओळखीचंच वाटलं. तिथे जेवायला काय मिळतं याबद्दल मात्र वडिलांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

ते ज्ञान घरमालकीणबाईंकडून मिळालं. बाई निवृत्त शिक्षिका, मूळच्या क्लॅरंडनच्या, म्हणजे उसाच्या पट्ट्यातल्या. त्यांच्या फडताळात कॉर्न्ड बीफचे डबे शिस्तीत रांगेने उभे असत. एवढे डबे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जून लागला ना, डिअर." १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. सप्टेंबर १९८८ मध्ये गिल्बर्ट नावाचं वादळ बेटाच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत छपरं उडवत गेलं आणि त्यानंतर दिवसचे दिवस वीज नव्हती. फ्रिजमधली कोंबडी नासली, डबा नासला नाही. तेव्हापासून बाईंचा फ्रिजवर विश्वास नाही. त्यात त्या फक्त पाणी आणि सोरेलचं सरबत ठेवतात.

डबा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. हा आकार शिकागोतल्या मांसवाल्यांनी १८७५ साली पेटंट केला. हेतू असा की रुंद बाजू उघडून डबा पालथा केला की मांसाचा ठोकळा अख्खा बाहेर यावा. उघडायला डब्यालाच एक किल्ली चिकटवलेली असते. ती पत्र्याच्या जिभेत अडकवून गोल फिरवत जायचं, की पत्र्याची पट्टी तिच्याभोवती गुंडाळली जाते. निदान चित्रात तरी तसं दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात पट्टी अर्ध्यावर तिरकी जाते, मग सुरी शोधली जाते, आणि मग बोटाला बांधायला फडकं. अन्न पत्र्याच्या डब्यात बंद करण्याचं पहिलं पेटंट १८१० चं. डबा उघडायचं हत्यार निघायला मात्र त्यानंतर पंचेचाळीसेक वर्षं लागली. तोवर लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडत. या शोधकांपैकी एकालाही कधी भुकेल्या पोरांसाठी घाईने स्वयंपाक करावा लागला नसणार.

या बेटाभोवती समुद्र, डोंगरात बारमाही फळं, आणि तरी परदेशी डब्यातलं मांस का? याचं उत्तर उसात आहे. गुलामगिरीच्या काळात चांगली जमीन सगळी साखरेसाठी राखलेली, आणि राबणाऱ्यांच्या पोटाला जे लागेल ते बोटीतून यायचं. कॅनडाच्या किनाऱ्यावरून खारवलेला कॉड यायचा, त्यातही हलक्या प्रतीचा माल गुलामांसाठी. आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून पिंपं भरभरून खारं गोमांस निघायचं. पुढे पिंप गेलं आणि डबा आला. उरुग्वेमध्ये फ्राय बेंतोस नावाच्या नदीकाठच्या गावात मांस डब्यात भरण्याचा एवढा मोठा कारखाना उभा राहिला की त्या गावाच्या नावानेच इंग्रज लोक हा डबा ओळखू लागले. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश सैनिकांच्या पिशवीत तोच होता. कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. खारवलेल्या कॉडचंही नशीब उघडलं. अॅकी नावाच्या फळाबरोबर त्याची भाजी करतात आणि ती जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. डब्याला अजून कोणी कसला मान दिलेला नाही.

आणि भात? १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल हंटर' या जहाजातून भारतीय करारबद्ध मजुरांची पहिली खेप जमैकात उतरली. त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. बाईंच्या स्वयंपाकघरातला तांदूळ गयानाहून आलेला असे, आणि तिथली भातशेतीही मुख्यतः अशाच मजुरांनी वाढवली. म्हणजे आयर्लंडच्या मिठाची सवय आणि गंगाकाठच्या भाताची सवय एका ताटात येऊन पडल्या, आणि दोघींनाही तिथे बोलावलं होतं ते साखरेने.

आता प्रत्यक्ष कृती. बाई ओट्यावर डची चढवायच्या. डची म्हणजे अॅल्युमिनियमचं जाड ओतीव पातेलं, आईकडून लेकीकडे जाणारं. तेल अगदी थोडं, कारण मांसाची चरबी सुटतेच. कांदा, लसूण, कांद्याची पात, टोमॅटो, मिरपूड आणि थाइमच्या दोन-तीन काड्या. थाइममध्ये आणि आपल्या ओव्यात थायमॉल हे एकच द्रव्य असतं. त्यामुळे डचीत थाइम पडला की मला भलतीकडेच, भज्यांची, भूक लागायची. हे सगळं मऊ झालं की ठोकळा आत टाकायचा आणि काट्याने मोडत राहायचं. मीठ चिमूटभरसुद्धा घालायचं नाही. माझा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे जायचा आणि बाई ती बरणी शांतपणे दुसरीकडे सरकवायच्या.

मग स्कॉच बॉनेट मिरची. बसकी, सुरकुतलेली, पिवळी किंवा लाल, आणि वासाला चक्क फळाची. ती चिरत नाहीत. अख्खी, देठासकट वर ठेवतात आणि वाफेवर तिचा वास उतरू देतात. ढवळताना ती फुटू नये म्हणून घरातली सगळी माणसं आळीपाळीने पातेल्यात डोकावून जातात. मी कोल्हापूरकडची आहे, असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या मिरचीचा नखाएवढा तुकडा माझ्या पानात ठेवला. त्यानंतर आमच्यात कोल्हापूरचा विषय निघाला नाही.

इथवर कोणीही करेल. खरं कसब पुढे आहे. डब्यात ३४० ग्रॅम मांस असतं. घरात बाई, त्यांची लेक, जावई, दोन नातवंडं आणि मी, अशी सहा माणसं. भागाकार केला तर माणशी ५७ ग्रॅमसुद्धा येत नाही. बाई भागाकार करत नसत. त्या अर्धा कोबी बारीक चिरायच्या. कोबी डचीत पडला की पातेलं एकदम भरल्यासारखं दिसतं, मग तो बसतो, पाणी सोडतो, खारटपणा ओढून घेतो आणि थोडा गोडवा परत देतो. वर अर्धी वाटी पाणी, किंचित केचप, आणि आणखी एखादं तोंड वाढलं तर बटाट्याच्या फोडी. रसा भाताला पुरेल इतका हवा आणि पाणचट दिसता कामा नये. हा अंदाज कुठल्या पुस्तकात सापडत नाही. दारात अचानक कोण उभं राहिलंय हे पाहून तो करायचा असतो.

कोबीवरून तिथे घराघरांत मतभेद आहेत. काहींच्या मते बुली बीफमध्ये मक्याचे दाणेच हवेत, तेही डब्यातले. काही कट्टर लोक काहीच घालत नाहीत, कोरडं परततात आणि भाजी घालणाऱ्यांना कंजूष समजतात. बाईंचा जावई मक्याच्या घरातून आलेला. त्याने या विषयावर सासूशी वाद घातल्याचं मी कधी ऐकलं नाही, पण बायको माहेरच्या पद्धतीने कोबी चिरू लागली की तो बाहेर पडवीत जाऊन बसायचा. माझं मत विचाराल तर कोबी. मका खारटपणाशी दोन हात करत नाही, नुसता शेजारी बसून राहतो.

मासिकांत हल्ली 'स्वस्त आणि मस्त' पाककृती येतात. त्यांत पहिल्याच ओळीत ऑलिव्ह तेल असतं, तिसऱ्या ओळीत पाइन नट्स, आणि शेवटी 'सजावटीसाठी' म्हणून जे सांगितलेलं असतं त्यात आमचा त्या दिवसाचा बाजार झाला असता. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याच्याकडे सहसा वेळही कमी असतो, गॅसही कमी आणि भांडीही कमी, हे या लेखकांच्या गावी नसतं. बाईंचं बुली बीफ एका पातेल्यात, अर्ध्या तासाच्या आत व्हायचं, आणि त्यातला निम्मा वेळ डबा उघडण्यात जायचा.

कोबी आणायला आम्ही पॅपीनच्या बाजारात जायचो. तिथला भाजीवाला रास्ताफारी होता. कमरेपर्यंत जटा, आणि आहाराचे नियम असे कडक की चातुर्मास पाळणाऱ्याने वही घेऊन शिकायला बसावं. त्यांच्या इटल आहारात डब्यातलं चालत नाही, खारवलेलं चालत नाही, पुष्कळांना मांस तर नाहीच आणि मीठही नको. बाई बुली बीफसाठी कोबी नेताहेत हे त्याला माहीत असायचं. तो कोबी हातात द्यायचा, पण आधी त्या कोबीकडे असा बघायचा जणू मुलीला वाईट घरी देतोय. माझ्या आत्याला हा माणूस पसंत पडला असता. जटांबद्दल ती काय म्हणाली असती ते वेगळं.

आत्यावरून आठवलं. माझ्या पानात नेमकं काय असायचं, अशी चौकशी माझे नातेवाईक अजून आडून आडून करतात. त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की बाईंच्या फडताळात बांगड्याचेही डबे होते, टोमॅटोच्या रसातले, आणि त्यांचीही कृती जवळपास हीच आहे. ट्रिनिदाद-गयानामधली गोमांस न खाणारी घरं मासळीच्या डब्यावरच हे जेवण करतात. यापुढची चौकशी बंद.

बिचाऱ्या डब्याला एकदाच मोठेपण मिळालं. मार्च २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये मांसतपासनीस लाच घेऊन शिक्के मारत असल्याचं प्रकरण बाहेर आलं. जमैकात येणारं जवळजवळ सगळं कॉर्न्ड बीफ ब्राझीलचं. सरकारने आयात थांबवली आणि दुकानांतले डबेही खाली उतरवायला लावले. बाई सांगत, की कोपऱ्यावरच्या दुकानात लोखंडी जाळीमागची ती एक फळी रिकामी दिसायची आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच फळीकडे बघत उभं राहायचं. आयुष्यभर "साधंच आहे हो" म्हणणाऱ्या बायका मंत्र्यांची नावं घेऊन बोलू लागल्या. काही आठवड्यांनी बंदी उठली, डबे परत आले, आणि पहिला डबा वाढताना बाई पुन्हा तेच म्हणाल्या असणार: विशेष काही नाही.

प्रवाशांना जमैकात जर्क चिकन खायला घालतात. ते उत्तम असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते रस्त्यावर, धुरात, कोणीतरी विकायला केलेलं असतं. घर कसं चालतं हे त्यातून कळत नाही. तेव्हा कधी किंग्स्टनला जाणं झालंच, तर आठवड्याच्या मधल्या वारी एखादं साधं कुकशॉप गाठा आणि बुली बीफ-भात मागा, सोबत तळलेलं पिकलं प्लांटेन. गोमांस खात नसाल तर बांगडा आहे का विचारा. रविवारी मात्र मागू नका. रविवारी नारळाच्या दुधातला राजम्याचा भात आणि कोंबडी असते, आणि त्या दिवशी डब्याचं नाव काढलेलं तिथे कोणालाच खपत नाही.