कूपन नको, भरपाई द्या

काचेची शेगडी मागवली आणि ती फुटलेली आली, तर ग्राहकाचं नुकसान किती? कंपनीच्या हिशेबात फार तर शेगडीची किंमत, आणि तीसुद्धा मिळाली तर नशीब. हा हिशेब खोटा आहे. आपण तो मुकाट्याने मान्य करतो, याचा मला जास्त राग येतो.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचं प्रकरण ताजं आहे. तीन बर्नरची शेगडी, ४,२०० रुपये, पैसे आधीच भरलेले. डिलिव्हरीवाल्या मुलाने दारातच ओटीपी मागितला, काकूंनी सांगितला, खोकं घरात आलं. चिकटपट्टी कापल्यावर बघतात तर थर्मोकोल फक्त पुढच्या बाजूला, मागची कड थेट पुठ्ठ्याला टेकलेली. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक खडे होतात. तसे मूठभर खडे खोक्याच्या तळाशी साचले होते आणि उचलताना आणखी गळत होते. ॲपवर फोटो टाकले. उत्तर आलं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ नव्हता. मग माल परत न्यायला आलेला दुसरा मुलगा ‘ओरिजिनल पॅकिंग फाटलंय’ म्हणून रिकाम्या हाताने निघून गेला. शेवटी दिलगिरीचा मेसेज आणि ३०० रुपयांचं कूपन. तेही पुढच्या खरेदीवर.

४,२०० रुपये घेऊन फुटका माल दिला आणि वर पुन्हा आमच्याकडेच खरेदी करा म्हणाले. याला भरपाई म्हणत नाहीत.

आधी त्या व्हिडिओचं बघू. खोकं उघडतानाचा व्हिडिओ असल्याशिवाय तक्रार करता येणार नाही, असं ग्राहक संरक्षण कायद्यात नाही आणि ई-कॉमर्स नियमांतही नाही. ती कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी घातलेली अट आहे. व्हिडिओ हा चांगला पुरावा आहे, काचेची वस्तू असेल तर जरूर काढा. पण तो नाही म्हणून हक्क बुडत नाही. फुटक्या वस्तूचे फोटो, खोक्यावरचं लेबल, त्याच दिवशी पाठवलेला मेसेज हाही पुरावाच असतो. आणि ज्या कामगाराच्या हातात खोकं दोन मिनिटं असतं, त्याच्यावर कृपा करून ओरडू नका. पॅकिंग त्याने केलेलं नाही, धोरणही त्याने ठरवलेलं नाही.

२०२०चे ई-कॉमर्स नियम स्पष्ट आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न’ची पाटी मन बदललेल्या ग्राहकाला दाखवा, फुटका माल मिळालेल्याला नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही हेच बजावलं आहे. सदोष माल परत घेऊन बिलावरच्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे द्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मग सुरू होते टोलवाटोलवी. ॲपवाले म्हणतात आम्ही फक्त बाजारपेठ, विक्रेत्याला विचारा. विक्रेता कुरिअरकडे बोट दाखवतो. कुरिअरवाला म्हणतो, पॅकिंगच कच्चं होतं. तिघांनी आपसांत काय ते ठरवावं, तो ग्राहकाचा प्रश्न नाही. विक्रेता कोण हेच माहीत नसेल, तर बाजारपेठेला लेखी विचारा. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली की विक्रेत्याचा पत्ता आणि ईमेल देणं तिच्यावर बंधनकारक आहे. किती जण मागतात?

आता कूपन. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी कंपनीला आदेश दिला की परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, हे ग्राहकाला निवडू द्या. त्याआधी तक्रारदारांच्या हातात कूपनच पडत होतं. प्रकरण टॅक्सीचं होतं, पण तत्त्व शेगडीलाही लागू पडावं. माझ्या खात्यातून गेलेले पैसे माझ्या खात्यातच यायला हवेत.

पण मला बोलायचं आहे ते परताव्याच्याही पुढचं. किंमत परत मिळणं म्हणजे भरपाई नव्हे. ते फक्त आपलेच पैसे आपल्याला परत मिळणं आहे. काकूंच्या घरी शेगडी नव्हती तेवढे दिवस बाहेरून डबा आला, त्याचे पैसे कोणाचे? माल न्यायला माणूस येणार म्हणून दोन दुपारी घरात अडकून राहिल्या, त्याचं काय? दर वेळी नवा माणूस फोनवर, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. हा मनस्ताप कायद्याच्या नजरेत शून्य नाही. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाई या शब्दात प्रत्यक्ष नुकसानीबरोबर शारीरिक, मानसिक, भावनिक त्रासही येतो. तीस वर्षं उलटून गेली या निकालाला. ॲपवरच्या तक्रारीच्या पर्यायांत मात्र ‘मनस्ताप’ नावाचं बटण अजून आलेलं नाही, आणि ते येण्याची वाट बघण्यातही अर्थ नाही.

म्हणून मागणी आपणच करायची, आकड्यासह. वस्तूची किंमत, डिलिव्हरीचे पैसे, पावती दाखवता येईल असा वरखर्च, त्रासाबद्दल एक रास्त रक्कम आणि तक्रारीचा खर्च. रास्त हा शब्द महत्त्वाचा. ४,२०० रुपयांच्या शेगडीसाठी पाच लाख मागितले तर खरी तक्रारही पोरकट दिसते. जे दाखवता येतं ते मागा आणि त्यावर ठाम राहा.

चॅटवर मागू नका. तिथे यंत्र उत्तरं देतं आणि खिडकी बंद झाली की बोलणं गायब. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क प्रत्येक कंपनीने जाहीर करायचा असतो, त्याला ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, ही त्याच्यावरची मुदत आहे. त्याने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. मात्र हेल्पलाइन मध्यस्थी करते, भरपाईचा आदेश देत नाही. तो अधिकार ग्राहक आयोगाचा.

आयोग म्हटलं की लोक हात झटकतात. कोण जाणार कोर्टात! पण ज्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत आहे त्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. वकील लागत नाही. विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. उणीव आहे ती वेगाची. मालाची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण आयोगांमधल्या रिकाम्या जागांची २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. माणसंच नेमायची नसतील तर कायदा कागदावरच राहणार. राज्य सरकारने ही पदं वेळेवर भरलीच पाहिजेत, यात सबबीला जागा नाही.

तरीही तक्रार करा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा ग्राहकाच्या हातात असा कायदाही नव्हता. तो आला १९८६ साली. त्या महाराष्ट्रातल्या ग्राहकाने ३०० रुपयांच्या कूपनावर गप्प बसावं, हे मला पटत नाही. दिलगिरीच्या मेसेजने कंपनीचं पॅकिंग सुधारत नाही, खिशातून पैसे गेले की सुधारतं.

तुमच्या माळ्यावर असा फुटका माल पडून असेल तर बिलावरची तारीख बघा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत आयोगाकडे जाता येतं. मुदत शिल्लक असेल तर आज रात्रीच पहिला ईमेल लिहा.