साडेसात डोकी

बँकेतून निवृत्त झालेला, साखर काठावर असलेला आणि एलिमेंटरीत कधीकाळी बी ग्रेड मिळवलेला गृहस्थ साठीनंतर मनुष्याकृतीकडे वळतो. निसर्गचित्र त्याला नको असतं. झाड चुकलं तरी झाडच दिसतं, त्यात काय मोठंसं, असं त्याचं म्हणणं.

आधी सामान येतं. टू एचपासून एट बीपर्यंत पेन्सिली, कोळसा, कणकेसारखं मळायचं खोडरबर आणि अँड्र्यू लूमिसच्या १९४३ सालच्या पुस्तकाची झेरॉक्स. लूमिसचा आदर्श पुरुष आठ डोकी उंच. क्लासातले सर सांगतात, साधा माणूस साडेसात. या अर्ध्या डोक्यावरून हा सरांशी तासभर वाद घालतो. एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत बँकेत रात्री नऊ वाजवलेले, सवय जाते कुठे?

मग त्याला माणसं दिसेनाशी होतात, नुसती डोकी दिसतात. बसस्टॉपवर हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तो समोरच्या बाईंचं माप घेत होता. मिटलेल्या डोळ्याचा बाईंनी भलताच अर्थ लावला. तेव्हापासून तो वाचनालयात पेपरवर पेंगणारेच काढतो. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला औक्षण चालू असताना हा मोठ्यांदा म्हणाला, ‘‘बरोब्बर चार डोकी!’’ सूनबाईंनी त्याच संध्याकाळी मुलाची दृष्ट काढली.

खरी गोम हातांत आहे. पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. पण कागदावर उतरते ती केळ्यांची फणी. म्हणून त्याच्या चित्रांत हात पाठीमागे असतात, नाहीतर शालीत. पावलं गवतात. हसू नका, स्मरणचित्राच्या पेपरात आपण तरी दुसरं काय केलं? जत्रेतली झाडून सगळी माणसं पाठमोरी!

गेल्या रविवारी त्याने मला खुर्चीसमोर उभं केलं. ‘‘वीस मिनिटं हलायचं नाही.’’ पेन्सिल नाचवून झाल्यावर म्हणाला, ‘‘साडेसहाच भरतोस रे.’’ माझा चहा तोवर गार झालेला. चित्र मात्र बरं आलं, चष्मा तर हुबेहूब माझाच. दोन्ही हात खिशात होते.

मी लेंग्यावर गेलो होतो. माझ्या लेंग्याला खिसा नाही.