टायबेरियसच्या गालावरचा घाव

जबलपूरच्या राइट टाउनातल्या मराठी माणसाचे छंद ठरलेले आहेत. गणेशोत्सवातल्या नाटकात हक्काचा म्हातारा व्हावं, सकाळी भंवरताल बागेत फेऱ्या माराव्यात आणि पुण्याहून कुणी आलं की भाकरवडीची चौकशी करावी. रोमन नाणी जमवणं यात कुठेच बसत नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. "अहो, देव्हाऱ्यातली चांदी पॉलिशला द्यायची राहिलीय आणि तुम्ही काळी पडलेली चांदी विकत आणता?" या प्रश्नाला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही.

त्यातून जबलपुरात राहून रोमकडे डोळे लावून बसणं हा तसा करंटेपणाच. भेडाघाटच्या रस्त्यावर तेवर लागतं, तीच जुनी त्रिपुरी. ब्राह्मीत गावाचं नाव घातलेली तांब्याची नाणी इथं ख्रिस्तापूर्वीच चालत होती. पुढे अकराव्या शतकात इथल्याच कलचुरी गांगेयदेवानं एका बाजूला बसलेली लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला तीन ओळींत स्वतःचं नाव, असं सोन्याचं नाणं काढलं. ते बाजारात असं रुजलं की चंदेलांनी, गाहडवालांनी त्याचीच नक्कल केली. महंमद घोरीनंसुद्धा नाव आपलं घातलं, पण लक्ष्मीला जागचं हलवलं नाही. चलनाच्या बाबतीत माणसं फार समंजस असतात.

तरी मन रोमकडे धावतं, ते चेहऱ्यांपायी. आपल्या राजांनी बहुधा नाव, देवता, हत्ती, बैल यांवर भागवलं. रोमनांनी नाण्यावर थोबाड छापलं, आणि तेही फारसं न सजवता. नीरोची नाणी वर्षांप्रमाणे ओळीनं मांडा. आधी पोरसवदा गळा, मग दुसरी हनुवटी, आणि शेवटी मान कुठं संपते ते सांगणं अवघड. ओथो 69 साली जेमतेम तीन महिने सम्राट होता. तो केसांचा टोप घालायचा असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहून गेलाय, आणि नाण्यावरच्या त्या शिस्तीत बसलेल्या कुरळ्या बटा पाहिल्या की स्वेटोनियसवर विश्वास बसतो. डिडियस युलियानसनं 193 मध्ये गादी चक्क सैनिकांच्या लिलावात घेतली आणि दोन-सव्वादोन महिन्यांत जिवाला मुकला. तेवढ्यात नाणी मात्र पाडून घेतली. निकालाआधीच अभिनंदनाचे फ्लेक्स लावणारे आमच्याकडेही आहेत, पण चांदीत लावणारा हाच.

माझा जीव मात्र टायबेरियसच्या एका दिनारियसवर. साडेतीन-पावणेचार ग्रॅमची चांदी, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. एका बाजूला लॉरेलची माळ घातलेलं सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला हातात फांदी घेऊन बसलेली बाई, ती बहुधा त्याची आई लिव्हिया. येशूला दाखवलेलं ‘सीझरचं नाणं’ हेच, अशी समजूत असल्यानं युरोप-अमेरिकेत त्याला चढा भाव येतो. माझ्या नाण्यावर मात्र कानाखालून नाकापर्यंत छिन्नीचा सरळ घाव आहे. परदेशी कॅटलॉगमध्ये याला दोष म्हणतात आणि किंमत उतरवतात. माझ्या मते भारतातल्या संग्राहकानं नेमकं हेच नाणं घ्यावं.

कारण घाव आपल्याकडचा आहे. मिरी, मलमल, मोती घ्यायला रोमनांनी सोन्याचांदीच्या राशी इकडे ओतल्या. भारत दर वर्षाला 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असा गळा रोमन लेखक प्लिनीनं काढलाय. ते पैसे आमच्या लोकांनी घेतले आणि सम्राटाच्या तोंडावर छिन्नी चालवली. 1898 मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला 501 सोन्याची रोमन नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांची डोकी अशीच चिरलेली. कस पाहायला, की हे आता नाणं नाही, नुसतं सोनं आहे असं ठरवायला, यावर पंडितांचं एकमत नाही. कुणी नाण्याला कडी लावून गळ्यात घातलं. वजन बरोबर आहे ना, मग तोंड कुणाचं का असेना! नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी निघाली. त्यांवरचा चेहरा रोमन थाटाचा, आणि बहुसंख्य चेहऱ्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला. छिन्नी नाही, पण वृत्ती तीच.

सराफ्यात एकदा ओळखीच्या दुकानदाराला माझं नाणं दाखवलं. त्यानं ते कसोटीवर घासायला घेतलं, मी झडप घालून काढून घेतलं. "भैया, चांदी तो असली है," तो म्हणाला, "गलवाना है क्या?" दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या भाईबंदानंही दुसरं काही विचारलं नसतं.

जाता जाता एक सांगून ठेवतो. राइट टाउनातल्या जुन्या बंगल्यांची आवारं खणून इमारती उठताहेत, आणि तेवर काही लांब नाही. पायात काही चकाकलं तर सराफाकडे धावू नका, माझ्याकडे तर नकोच. 1878 च्या निखात निधी कायद्यानं, जमिनीत पुरलेलं 10 रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर ते कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. कायद्यात आजही 10 रुपयेच लिहिलेले आहेत.