आमच्या गावात एक खड्डा आहे

प्राथमिक शाळेतलं मूल पाहुण्यांसमोर गावाची ओळख करून द्यायला उभं राहिलं, की आधी हात पाठीमागे बांधतं. मग वर पंख्याकडे बघतं, एक लांब श्वास घेतं आणि तो संपायच्या आत गाव संपवतं. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, मुख्य पीक, ग्रामदैवत, यात्रेचा महिना, 'असे आमचे गाव मला खूप खूप आवडते', टाळ्या. मधे कुणी खोकलं तर पुन्हा 'माझ्या गावाचे नाव'पासून सुरुवात. ही चाल सावंतवाडीपासून सडक अर्जुनीपर्यंत एकच आहे. पाढे, प्रतिज्ञा आणि गावाची ओळख एकाच सुरात म्हणायची असते, हे पहिलीतल्या पोराला दिवाळीच्या आत समजलेलं असतं.

त्या चालीत सगळी गावं सारखीच ऐकू येतात. नाव बदलायचं, ज्वारीच्या जागी भात घालायचा, खंडोबाच्या जागी रवळनाथ, की झालं दुसरं गाव तयार.

लोणारची पंचाईत अशी, की ते या चालीत बसत नाही. तसं बघायला गेलं तर बुलढाणा जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव. एसटी स्टँड, सोयाबीनची पोती, मोबाईल दुरुस्तीची दुकानं, आठवडी बाजार, सगळं रीतसर. पण गावाच्या कडेलाच जमीन एकदम संपते. खाली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशे मीटरच्या आतबाहेर खोल असा वाटोळा खड्डा आणि त्याच्या तळाशी खारं तळं. काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेली आणि इतकी शाबूत राहिलेली विवरं जगात हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच आहेत. आता हे 'मुख्य पीक' आणि 'ग्रामदैवत' यांच्या मधे कुठं कोंबायचं?

तिथल्या एका शाळेत चौथीच्या मुलीनं त्याचा सरळ निकाल लावला होता. ती उठली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "आमच्या गावात एक खड्डा आहे."

सर दचकले. "सरोवर म्हण."

"आमच्या गावात एक सरोवराचा खड्डा आहे."

सरांनी माझ्याकडं बघून कसनुसं हसत मान हलवली. सरोवर म्हटलं की शोभा येते, जागतिक दर्जा येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत नाव गेलं ते पाणथळ जागा म्हणून, खड्डा म्हणून नव्हे. पण पोरीचंच बरोबर होतं. तिच्या आजोळच्या रस्त्यातही खड्डे आहेत आणि तिच्या हिशेबी हा त्यांतलाच सगळ्यात मोठा.

"कसा झाला हा खड्डा?" मी विचारलं.

"उल्का पडली," पुढची रांग एका सुरात म्हणाली.

"दैत्यानं केला," मागच्या रांगेतून एकच आवाज आला.

सरांनी आवाजाचा मालक शोधून उभा केला. "विज्ञानात काय शिकलो आपण?"

"उल्का."

"मग दैत्य कुठून आला?"

"तो मंदिरात."

मला हे उत्तर बिनतोड वाटलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर कोरीव कामानं नटलेलं आहे, आणि गोष्ट अशी, की लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या बिळात दडून राहायचा. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. बीळ उघडं पडलं, तेच हे तळं. मंदिरात गेलं की दैत्य, वर्गात आलं की उल्का. पोरं दोन्हींकडं चपला बाहेर काढूनच जातात.

"मग ते झाकण कुठं गेलं?" मी जरा खोचकपणे विचारलं.

"लय लांब पडलं."

"आणि उल्का?"

तो थांबला. "तिचं पण काही राह्यलं नाही." मग स्वतःच निकाल दिला, "दोघांचं सामान कोनालेच सापडलं नाही."

मोठ्यांची हकिकत याहून फार वेगळी नाही. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. पुढं बराच काळ भूशास्त्रज्ञ हे ज्वालामुखीचं काम मानत राहिले. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं उल्केची शंका काढली, आणि ती खरी असल्याचे पुरावे 'सायन्स'मध्ये छापून आले १९७३ साली. नोंदीपासून दीडशे वर्षं. तेवढ्या काळात दैत्याच्या गोष्टीत एक अक्षर बदललं नाही, हे कबूल करायला हवं.

वयाचाही असाच घोळ आहे. पूर्वीच्या मोजणीत विवराचं वय बावन्न हजार वर्षांच्या आसपास निघालं होतं. पुढं २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीनं मोजल्यावर ते ५ लाख ७० हजारांपर्यंत गेलं. एका मुलीनं मला सांगितलं, की तिच्या मोठ्या ताईच्या वेळेला बावन्न हजार होतं, आता लय वाढलंय. महागाईच्या दिवसांत तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुलाबी पाण्याचा विषय मात्र मी काढायला नको होता, असं सरांच्या चेहऱ्यावरून दिसलं, कारण वर्ग नंतर आवरेना. जून २०२० मध्ये तळं अचानक गुलाबी झालं. शाळा बंद, गाव घरात, आणि तळं गुलाबी. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं आणि मिठात सुखानं नांदणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं. वर्गातल्या प्रत्येकानं ते पाणी स्वतः पाहिलेलं होतं. बहुतेकांचं तेव्हाचं वय कडेवर बसण्याचं असणार, पण साक्षी एकदम पक्क्या. एकाच्या मते होळीचा उरलेला रंग कुणीतरी ओतला. एकाची आजी म्हणाली होती, की तळ्याकाठची कमळजा देवी कोपली. दोन्ही मतांना वर्गात सारखाच पाठिंबा होता. हॅलोआर्कियाच्या बाजूनं एकटे सर.

मधली सुट्टी झाली आणि ओळखीचा कार्यक्रम खरा तेव्हा सुरू झाला. हात पाठीमागून सुटले. एकानं माझं बोट धरलं, दुसऱ्यानं पिशवी. आधी दाखवली घंटा. घंटा म्हणजे तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. लोणारला रेल्वे नाही, पण रूळ आहे. मग हात धुवायच्या नळांची रांग. त्यातला तिसरा नळ कुणी उघडायचा नाही, त्याचं पाणी उघडणाऱ्याच्याच तोंडावर येतं. मग खिचडीचं पातेलं. शालेय पोषण आहार १९९५ मध्ये सुरू झाला, म्हणजे आता त्या आहारावर वाढलेल्यांची पोरं खिचडी खातात. कुठल्या दिवशी काय शिजतं आणि कोणत्या ताईंच्या हातचं तिखट असतं, हे मला तिथंच कळलं. मग भिंती.

प्राथमिक शाळेच्या भिंती हल्ली बोलक्या असतात. लोणारच्याही होत्या. कोपऱ्यात सर्व शिक्षा अभियानाची पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं, त्यांच्याखाली बाराखडी, आणि पोरांच्या छातीच्या उंचीवर ऑइल पेंटनं काढलेला बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा. सिंदखेडराजा, शेगाव, मेहकर, खामगाव हे ठिपके ठळक होते. लोणार सापडेना. मी चष्मा पुसला, परत पाहिलं. जिल्ह्याच्या दक्षिणेला, जिथं लोणार असायला हवं, तिथं रुपयाएवढा गोल आणि त्यात भिंतीचा पांढरा चुना. वर्षानुवर्षं प्रत्येक पोरानं 'हे आमचं गाव' म्हणून तिथंच बोट टेकवलेलं. बाकीचा जिल्हा शाबूत, स्वतःचं गाव तेवढं झिजवून टाकलेलं. मी बघत होतो तेवढ्यात आणखी एकानं तिथं बोट ठेवून सांगितलं, "हे आमचं."

एका मुलाच्या खिशात फुटलेल्या स्पीकरमधलं चुंबक होतं. गावाजवळचा मोठा मारुती, म्हणजे आडवा पहुडलेला मारुती, चुंबकी दगडाचा आहे असं लोक सांगतात. त्यावरून ही चाचणी निघाली असावी. त्यानं मैदानातल्या मातीतून चुंबक फिरवलं, वर उचललं, आणि त्याला काळ्या कणांची बारीक दाढी फुटली. "उल्केचं पीठ," तो म्हणाला. काळ्या दगडाच्या मुलखात हे कुठंही होतं, पुण्याच्या पर्वतीवरही होईल. पण ते सांगायला मी काही लोणारला गेलो नव्हतो.

"तुम्ही तळ्यावर जाता का रे?"

यावर पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे पडले. सहलीचं दुखणं निघालं. हिवाळा लागला की महाराष्ट्रातून शाळांच्या लाल गाड्या लोणारात येऊन थांबतात. गाण्याच्या भेंड्या म्हणून घसे बसलेली पोरं उतरतात, खड्डा बघतात, चिवडा खातात आणि पुढच्या ठिकाणी जातात. "आमची सहल पण तिथंच," खड्डा म्हणणारी मुलगी म्हणाली. "अन् पायी."

"मग कुठं जायचंय तुम्हांला?"

"समुद्र पाहाले."

"त्यात काय, खारं पाणीच असतं. ते तुमच्याकडं आहेच की."

"त्याले लाटा कुठं हायेत?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, रामसर यादीतही नसावं.

पर्यटनाच्या पुस्तिका मी पुष्कळ वाचतो आणि त्यांच्याबद्दल माझं मत बरं नाही. त्यांत व्यास असतो, खोली असते, जवळचं विमानतळ असतं. तिसरा नळ नसतो. लोणारच्या कडेला उभं राहून खाली बघताना माणूस गप्प होतो हे खरं, पण तिथं रोज पाणी भरणारी, परीक्षा देणारी, लग्नं जमवणारी माणसं राहतात, हे पुस्तिकेतून कधी कळत नाही. चौथीच्या वर्गाला ते सांगता येतं. त्यासाठी आधी पाठ केलेली ओळख पूर्ण ऐकून घ्यावी लागते, टाळ्या वाजवाव्या लागतात आणि मग घंटेची वाट बघावी लागते.

तेव्हा लोणारला जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर जा, हिरवळ असते आणि ऊन सोसवतं. तळ्याकडं उतरताना पाणी बरोबर घ्या, चढताना दम लागतो. धारेवर गोमुखाचं गोडं पाणी बघा, दैत्यसूदन मंदिर सोडू नका. आणि शाळा सुरू असतानाच जा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बोर्ड वाचत फिरावं लागेल.