नानांचा हर्निया

आपल्याकडे दुखण्याचं प्रदर्शन मांडायला कुणाची हरकत नसते. मुतखडा पडला की तो डबीत घालून आल्या-गेल्याला दाखवतात. बायपास झालेले गृहस्थ कट्ट्यावर बसून आपली ब्लॉकेजेस मोजून सांगतात, आणि समोरच्याची तीन निघाली तर आपली पाच सांगताना त्यांच्या तोंडावरचं समाधान लपत नाही. गुडघे बदललेल्या मावशी साडी वर करून टाके दाखवतात. शुगर किती, प्रेशर किती, हे तर लोक भाजीवाल्यालाही सांगतात.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन केलेला माणूस मात्र सहसा सापडत नाही. सापडतो तो हर्नियाचं ऑपरेशन झालेला. किंवा पित्ताशयाचं. किंवा नुसतं ‘पोटाचं थोडंसं काम होतं’ असं म्हणून विषय पावसावर नेणारा. हा माणूस आता ठाण्यापासून कोल्हापुरापर्यंत प्रत्येक मोठ्या सोसायटीत एखादा तरी आहे. आमच्या सोसायटीतला म्हणजे नाना.

नाना 128 किलोंचे होते. हा आकडा मला ठाऊक आहे, कारण इस्पितळात नेलं तेव्हा गाडी माझी होती. लिफ्टमध्ये नाना आले की उरलेले लोक ‘आम्ही पुढच्या फेरीला येतो’ म्हणायचे, आणि त्यात कुणालाही वाईट वाटायचं नाही, नानांनाही नाही. ‘मी एकटा म्हणजे कोरम’ हा त्यांचा विनोद वार्षिक सभेत दर वर्षी व्हायचा. शुगर औषधांना दाद देत नव्हती, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला मशीन लावावं लागे. डायटिशियन झाल्या, जिम झाली, निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस काढून झाले. तिथून उतरलेले चार किलो परतीच्या वाटेवर लोणावळ्याला चिक्कीसकट पुन्हा चढले. शेवटी सर्जननी सांगितलं, स्लीव्ह करून घ्या. दुर्बिणीतून करतात. जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्तच, काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलीच्या वर काही मावत नाही. शिवाय भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जिथे जास्त तयार होतं तो भागच जातो, म्हणून भूकही बसते.

ऑपरेशनचा निर्णय नानांनी एका बैठकीत घेतला. कुणाला सांगायचं, यावर मात्र दीड महिना खल चालला.

वहिनी म्हणाल्या, “सांगून टाका सरळ. गडकरींनी 2011 साली करून घेतलं, तेव्हा पक्षाचे अध्यक्ष होते. सगळ्या पेपरांत आलं. काय बिघडलं त्यांचं?”

“त्यांना निवडून यायचं असतं,” नाना म्हणाले. “मला लग्नामुंजीला जेवायला जायचं असतं.”

मुलाने अमेरिकेतलं उदाहरण काढलं. न्यू जर्सीचे गव्हर्नर क्रिस ख्रिस्टी 2013 साली खोटं नाव नोंदवून इस्पितळात दाखल झाले, पोटाला बँड बसवून घेतला आणि तीन महिन्यांनी सगळं वर्तमानपत्रात आलंच. मुलाला म्हणायचं होतं की लपत नाही. नानांनी त्यातून एवढंच घेतलं की खोटं नाव ही कल्पना वाईट नाही.

गंमत अशी की जिथे लपवायचं होतं तिथेच आधी फुटलं. कॅशलेसला विम्याची मंजुरी हवी होती. वजनाच्या ऑपरेशनला विमा कंपन्या उगाच पैसे देत नाहीत. बीएमआय 40 तरी लागतो, नाहीतर 35 आणि जोडीला हृदयविकार, झोपेतला श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी. नाना सगळ्या अटींत उत्तम बसत होते. ते टीपीएच्या खिडकीपासून लांब, खांबाआड उभे होते. खिडकीतल्या मुलाने फाइल उचलून भरल्या हॉलमध्ये आवाज दिला, “बॅरिएट्रिकचे पेशंट कोण?” नानांनी मागे वळून पाहिलं, जणू त्यांच्याही मागे कुणीतरी उभं होतं.

ऑफिसात हर्निया सांगितला. आईला ‘आतड्याला सूज’ सांगितली, कारण हर्निया म्हटलं असतं तर ‘जड काय उचललंस’ याची चौकशी निघाली असती. सासरी पित्ताशय सांगितलं. तिन्ही ठिकाणची माणसं एका लग्नात एकत्र येऊ शकतात हे लक्षात आल्यावर वहिनींनी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर कुणाला काय सांगितलंय ते लिहून ठेवलं. दारावरची बेल वाजली की त्या आधी ते पान बघायच्या आणि मग दार उघडायच्या.

एवढी लपवाछपवी का, हे मी नानांना एकदा विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, लोक म्हणतील, कॉपी करून पास झाला.”

तिथेच खरी मेख आहे. आपल्याकडे वजन हा आजार नसतो, ती शिस्तीची परीक्षा असते. उपाशी राहून, पहाटे पाचला उठून, तोंडाला चव नसलेलं काहीतरी खाऊन उतरवलेला किलो तो खरा, बाकीचा चोरीचा. कुणी चष्मा लावला तर ‘डोळे मिचकावून बघायचा प्रयत्न केला असतास तर दिसलं असतं’ असं आपण म्हणत नाही. पण ऑपरेशन म्हटलं की लगेच ‘सोप्पा मार्ग काढलान’. या सोप्या मार्गात ऑपरेशनच्या आधी लिव्हर आकसावं म्हणून दोन आठवडे जवळजवळ पातळावर राहायचं असतं. नंतर काही दिवस गाळलेलं पाणी आणि सूप, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, अशी महिना-दीड महिना चढण. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर. चौथ्या महिन्यात नानांचे केस झडू लागले. तसं होतं आणि बहुधा परतही येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नानांकडे मुळात फार केस नव्हते, म्हणून ते गेल्याचं दुःख जास्त.

हर्निया टिकला तो वाईच्या मुंजीपर्यंत. भाच्याची मुंज होती. नाना म्हणजे पंगतीचा मानबिंदू. त्यांच्यासमोर जिलबीचं ताट ठेवून वाढपी निर्धास्तपणे पुढच्या ओळीला जात. त्या दिवशी नानांनी वरणभाताचे तीन घास पाऊण तासात खाल्ले. प्रत्येक घास चावताना ते छताकडे बघत होते. मसालेभाताला त्यांनी बोटाने फक्त जागा बदलून दिली. मठ्ठ्याचा द्रोण शेजारच्या पोराकडे सरकवला. हे सगळं यजमानीण आत्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

“नाना, माझं काही चुकलं का?” आत्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“छे हो. झालं पोटभर.”

“पोटभर! तुमचं!” आत्यांनी वाढप्याच्या हातातली जिलबी स्वतः उचलली आणि “तुम्हाला माझी शपथ” म्हणून नानांच्या तोंडात घातली.

आग्रहाने मोडला नाही असा नियम आपल्याकडे नाही. नानांनी घास जेमतेम चावला आणि गिळला. अर्ध्या मिनिटात छातीच्या मध्यावर कळ आली, तोंडात लाळेचा फेस दाटला, कपाळावर घाम. नाना भर पंगतीतून उठले. त्या घराण्यात मुंजीच्या पंगतीतून मधेच कुणी उठल्याची नोंद नाही. बेसिनपाशी ते बराच वेळ वाकून उभे होते, वहिनी पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि दाराच्या फटीतून आत्यांसह चार बायका हे बघत होत्या.

संध्याकाळपर्यंत निदान झालं. त्या रोगाचं नाव आपल्याकडे मोठ्याने घेत नाहीत. ‘हर्निया कसला हो, एवढा माणूस अर्धा झाला. सांगत नाहीत, एवढंच.’

पुढचे पंधरा दिवस नानांकडे माणसांची रीघ लागली. येणारा शहाळी घेऊन येई, हळू आवाजात बोले, आणि जाताना नानांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवी. एका चुलतभावाने जुने उसने घेतलेले वीस हजार रुपये न मागता आणून दिले. नाना मला म्हणाले, “हे असंच अजून दोन महिने चाललं तर ऑपरेशनचा वरखर्च निघेल.” पण आई रात्री देवापुढे बसून रडताना दिसली तेव्हा त्यांचा विनोद संपला. त्या रात्री त्यांनी आईला खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, “एवढंच ना? मग आतड्याला सूज कशाला आणलीस?” आणि झोपायला गेली.

बाहेरच्यांना मात्र खरं सांगणं नानांच्या जिवावर आलं. मरणपंथाला लागलेला माणूस ही ओळख नको, ऑपरेशनवाला हीही नको. मग कट्ट्यावर त्यांनी जाहीर केलं, “दीक्षित.”

या एका शब्दाने महाराष्ट्रात काहीही पचतं. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि चालणं. फक्त एक अडचण होती. त्यांच्या सर्जननी त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला सांगितलं होतं. नाना दर दोन तासांनी खिशातून डबी काढून पनीरचे दोन तुकडे खात होते. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी घड्याळ बघून विचारलं, “दीक्षितांत हे चालतं?”

“मी दीक्षित आणि दिवेकर एकत्र केलंय,” नाना म्हणाले.

दोन तासांनी खा सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर आणि दोनदाच खा सांगणारे जगन्नाथ दीक्षित यांच्यावरून 2018 च्या सुमारास घरोघरी भांडणं झालेली. तो प्रश्न नानांनी डबी बंद करता करता सोडवून टाकला. लोक भारावले. कुणीतरी विचारलं, आणखी काय करता? नानांनी वेळ मारून न्यायला सांगितलं, सकाळी जिऱ्याचं पाणी, संध्याकाळी दुधीचा रस. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर ‘नानांचा दिनक्रम’ फिरू लागला. आठवड्याभरात तो नानांच्याच मेहुण्याने नाशिकहून नानांना पाठवला, खाली ‘जरूर करून बघा’ असं लिहून.

नाना गुरू झाले. सकाळी त्यांच्या मागे सात-आठ माणसं चालायला असत. याही स्थितीत ते सुखाने राहिले असते. माझं म्हणणं असं की स्वतःच्या जठराचा हिशोब गल्लीला देण्याचं कुणावर बंधन नाही. सर्जनला माहीत, घरच्यांना माहीत, आणि कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरलाही माहीत असावं, एवढं पुरे. त्या डॉक्टरांनाही नानांनी हर्नियाच सांगितला होता आणि गुडघेदुखीला त्यांच्याकडून पेनकिलर लिहून घेतली होती. सर्जनला विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही, हे डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं वहिनींनी वेळेत वाचलं म्हणून बरं.

पण चालणाऱ्यांत तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण मुलगा होता. पस्तिशीही नाही, वजन एकशे वीसच्या घरात, शुगर आताच वर. तो नानांचा दिनक्रम मनापासून पाळत होता आणि त्याचं काही उतरत नव्हतं. “नाना, तुमच्याएवढी जिद्द नाही हो माझ्यात,” तो एकदा म्हणाला, आणि नाना त्या दिवशी चालायला आलेच नाहीत.

पुढे एका सकाळी त्या मुलाने दुधीचा रस काढला. तो कडू लागला. जिद्द दाखवायची म्हणून तो तसाच संपवला. कडू दुधीत कुकुरबिटासिन असतं आणि ते विषारी असतं. 2010 साली दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला होता, त्यानंतर आयसीएमआरने कडू लागला तर पिऊ नका असं बजावलं होतं. मुलाला उलट्या सुरू झाल्या, रात्र इस्पितळात काढावी लागली. तो वाचला, सकाळी चहा मागत होता. नाना मात्र रात्रभर त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. पहाटे त्यांनी शर्ट वर करून त्याला पोटावरच्या पाच खुणा दाखवल्या आणि सर्जनचा नंबर दिला.

त्याच रविवारी ते कट्ट्यावर आले. उभ्या उभ्या बोलले, भाषण ठोकल्यासारखे. हर्निया खोटा, दीक्षित खोटं, दिवेकर खोटं, दुधी तर साफ खोटा. ऑपरेशन केलं, जठर कापलं, म्हणून उतरलो. माझं ऐकून कुणी काही पिऊ नका.

कट्टा गप्प झाला. मी नानांच्या शेजारी उभा होतो; आता हशा पिकणार किंवा कुणीतरी टोमणा मारणार, या तयारीने.

“बघा,” चौथ्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, “याला म्हणतात विनय. एवढी मेहनत स्वतः केली आणि श्रेय डॉक्टरला देताहेत.”

चार माना हलल्या. नानांनी पुन्हा शर्टाला हात घातला, तेवढ्यात इंजिनिअर काका पुढे सरकले. “ऑपरेशनचं राहू द्या, नाना. ते जिऱ्याचं पाणी चहाच्या आधी घ्यायचं की नंतर?”