जेवण अनलिमिटेड, वाढपी वीस

३ मे २०२५ रोजी नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी एआय डेटा सेंटर पार्कचं भूमिपूजन केलं. साडेतेरा एकर जागा, रॅकबँक कंपनीची हजार कोटींची गुंतवणूक, सुरुवात पाच मेगावॉटने आणि पुढे दीडशेपर्यंत मजल. नारळ फुटल्याचा फोटो आमच्या मंडळाच्या ग्रुपवर सात जणांनी टाकला, त्यातल्या चौघांनी आधीचे तीन न बघता. मंडळाची छाती फुगली. ती खाली बसायच्या आत एका रविवारी संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी मंडळाची वधू-वर नोंदणीची वेबसाइट आडवी झाली.

मंडळाचं नाव सांगत नाही. रायपुरात मराठी माणसांची मंडळं आहेत तितकीच आहेत, ओळखणारे ओळखतील. होस्टिंग कंपनीचंही नाव सांगत नाही, कारण दोष तिचा जेमतेम निम्मा. उरलेला निम्मा आमच्या कार्यकारिणीच्या ठरावात लिहिलेला आहे, आणि त्याला अनुमोदन माझं आहे.

ठराव असा होता: ‘दरमहा ९९ रुपयांचा अनलिमिटेड प्लॅन घ्यावा.’ खजिनदार काकांना अनलिमिटेड हा शब्द फार भावला. जागा अनलिमिटेड, डेटा अनलिमिटेड, ई-मेल अनलिमिटेड. एवढं सगळं ९९ रुपयांत म्हणजे कंपनी खुळी तरी असावी नाहीतर धर्मादाय. आमच्यापैकी कुणाला तिसरी शक्यता सुचली नाही. ९९ चा दर खरा, पण अठ्ठेचाळीस महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तरच, आणि पाचव्या वर्षी तो जवळजवळ चौपट होणार, हे जाहिरातीतल्या फुलीच्या खाली होतं. तेही आम्ही वाचलं असतं, पण ते वाचायला काकांचा चष्मा आणि माझी इच्छा दोन्ही लागल्या असत्या.

तर त्या रविवारी सातला नोंदणी उघडली. रायपूर, बिलासपूर, दुर्ग-भिलाई, नागपूर, जबलपूर, पुणे, सगळीकडे ग्रुपवर निरोप गेलेला. सात वाजून चार मिनिटांनी पडद्यावर पाटी आली: ‘५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. पहिला फोन भिलाईहून. “अहो भाऊ, मर्यादा संपली म्हणे. चार मिनिटांत? मुलांच्या जागा संपल्या की मुलींच्या?” दुसरा फोन बिलासपूरच्या एका वहिनींचा, त्यांचा सूर वेगळा होता. “कार्यकारिणीतल्यांनी आपापली मुलं आधीच आत घातली असतील.” मी म्हटलं, वहिनी, माझा मुलगा सातवीत आहे. त्या म्हणाल्या, “आता आहे.”

खजिनदार काकांचा तिसरा. “अनलिमिटेड आहे ना रे? मग लिमिट रीच कसं झालं?”

या प्रश्नात अख्खा होस्टिंगचा धंदा मावतो. पंगतीच्या भाषेत सांगतो, म्हणजे काकांना पटलं तसं तुम्हालाही पटेल. कंपनी म्हणते, जेवण अनलिमिटेड. खरंच आहे ते. श्रीखंडाचं पातेलं मोठं आहे, पुऱ्या हव्या तेवढ्या. आजकाल साठवायची जागा स्वस्त आहे आणि बहुतेक गिऱ्हाईक मूठभरसुद्धा खात नाही, तेव्हा ‘पाहिजे तेवढं घ्या’ म्हणायला काय जातं? मोजलेले असतात ते वाढपी. स्वस्त शेअर्ड प्लॅनमध्ये तुमच्या साइटसाठी एका वेळी वीसेकच कामं चालतील, अशी मर्यादा सर्रास असते. एकविसावा पाहुणा आला की त्याला दारावर ५०८ ची पाटी. आणि स्वयंपाकघर तुमच्या एकट्याचं नाही. त्याच चुलीवर आणखी शेकडो घरांचा स्वयंपाक चाललाय, त्यातल्या एकाकडे लग्न निघालं की तुमचा भात कच्चा.

पातेल्यालाही एक चोर-झाकण असतं. जागा अनलिमिटेड, पण फायलींची संख्या मोजलेली, अनेक प्लॅनमध्ये दोन-अडीच लाख. म्हणजे पुऱ्या कितीही खा, फक्त घास मोजून. मंडळाच्या खात्यात दहा वर्षांचे ई-मेल पडून होते. त्यातला प्रत्येक मेल ही एक फाइल, आणि निम्मे मेल ‘शुभ सकाळ’चे.

हिशोब भाच्याने मांडला. खजिनदारांचा भाचा कॉम्प्युटर इंजिनियर, मंडळाचा आयटी विभाग म्हणजे तोच. नोंदणीचं एक पान तयार व्हायला पाच सेकंद लागत होते. वीस वाढपी, पाच सेकंदाला एक पान, म्हणजे सेकंदाला चार पानं. सातच्या ठोक्याला आले सहाशे जण. शिस्तीत रांग लावली असती तर अडीच मिनिटांत सगळ्यांचं पहिलं पान वाढून झालं असतं. पण मराठी उपवधूचा बाप अडीच मिनिटं पडद्याकडे बघत बसत नाही. तो रिफ्रेश दाबतो. पुन्हा दाबतो. मग बायकोच्या फोनवरून दाबतो. सहाशेचे अठराशे असे होतात. वाढप्याच्या हातून ताट पडतं ते असं.

कंपनीच्या मदतखिडकीत मी चॅटवर तक्रार केली. उत्तर आलं, सर, आमचा सर्व्हर पूर्ण वेळ चालू होता. हेही खरंच. त्यांची हमी होती ९९.९ टक्के चालू राहण्याची. ती हमी यंत्र जागं असण्याची असते, तुमची पंगत उठण्याची नाही. चूल पेटलेली होती, पाहुणे उपाशी गेले तो तुमचा प्रश्न. आणि ९९.९ चा अर्थ काढला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ते पावणेनऊ तास पितृपक्षातल्या पहाटे खर्च करायचे की नोंदणीच्या संध्याकाळी, हे ठरवणारे आपण कोण? हमी मोडलीच तर भरपाई म्हणून बिलातला एक तुकडा परत. आमच्या बिलाचा तुकडा म्हणजे पानटपरीवर सुटे नाहीत म्हणून हातात ठेवतात त्या दोन गोळ्या.

टक्केवारीवर विश्वास ठेवू नये हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. १६ जुलै २०२१ आठवतो? करोनामुळे दहावीची परीक्षाच झालेली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि दुपारी एक वाजता तो बघायला राज्य बसलं तर वेबसाइट कित्येक तास बंद. विद्यार्थी जवळजवळ सगळे पास, नापास झाला तो सर्व्हर. सोळा लाखांच्या आसपास मुलं, त्यांचे आईबाप, मामा, शेजारी, सगळे एकाच मिनिटाला येणार, हे वर्षभर आधी ठाऊक असलेलं. निकालाची वेळ तर परीक्षा मंडळानेच जाहीर केलेली. अचानक आलेल्या गर्दीने घोटाळा होतो तो समजू शकतो. तारीख-वेळ छापून, आमंत्रण पाठवून बोलावलेल्या गर्दीला दार अरुंद पडतं, त्याला काय म्हणायचं?

हे मी मोठ्या तोंडाने म्हणतोय खरा. आमचंही आमंत्रणच होतं.

मग बैठक. विषय एकच: नवा प्लॅन. अध्यक्षांचं मत, आपल्या गावात डेटा सेंटर होतंय तर तिथेच एक सर्व्हर घेऊन टाकू, ओळखी आहेत. एआयसाठी बांधताहेत तिथे आमचे ‘वर्ण: गोरा’ आणि ‘अपेक्षा: पुणे’ ठेवायला ओळख कुठवर पुरेल, हे मी विचारलं नाही. पण त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा होता. आमची साइट तोवर अमेरिकेत नांदत होती, स्वस्त म्हणून. चौबे कॉलनीतली मुलगी समता कॉलनीतलं स्थळ बघणार आणि त्यासाठी निरोप समुद्राखालून अमेरिकेला जाऊन परत येणार. एका खेपेला पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि एक पान उघडायला अशा अनेक खेपा लागतात. मुंबईतला सर्व्हर घेतला तर तीच खेप कितीतरी पटीने लवकर. पैसे थोडे जास्त, पण नुसती जागा बदलून साइट तरतरीत होते. एवढं एक कलम बिनविरोध.

व्हीपीएस घ्या, असं भाच्याने सुचवलं. म्हणजे सामायिक स्वयंपाकघरातून उठून आपली स्वतंत्र चूल. वाढपी आपले, शेजाऱ्याच्या लग्नाची झळ कमी. उत्तम. पण व्हीपीएस दोन तऱ्हेचे. एकात कंपनी देखभाल करते. दुसऱ्यात देखभाल तुमची, म्हणून तो निम्म्या भावात. काकांचं बोट अर्थातच दुसऱ्यावर. स्वस्त व्हीपीएस म्हणजे म्हैस घेणं. दूध घरचं हे खरं, पण गोठा झाडायचा कोणी, वैरण कोणी आणायची, पहाटे धार कोणी काढायची? सुधारणा चढवायच्या, कुलपं तपासायची, रात्री दोनला साइट पडली तर उठायचं. “भाचा आहे की,” काका म्हणाले. भाचा खाली मान घालून म्हणाला, “मामा, दिवाळीनंतर बंगळूरला रुजू होतोय.” बैठकीत चहा यायला तेवढं निमित्त झालं.

तिसरा पर्याय क्लाउडचा. गर्दी वाढली की वाढपी आपोआप वाढतात, ओसरली की घरी जातात, वापराल तेवढं बिल. आमच्यासारखं वर्षातून दोन संध्याकाळी गजबजणारं आणि एरवी माशा मारणारं काम असेल तर कागदावर हेच योग्य. पण मीटर म्हटलं की रायपूरचा माणूस बिचकतो. इथे मीटरने ऑटोत बसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आणि भीती अगदीच खोटी नाही. खर्चाची वरची मर्यादा बांधून न ठेवता क्लाउड घेतला आणि एखादा रोबो रात्रभर पानं चाळत बसला, तर सकाळी बिल बघून काकांना रामकृष्ण केअर हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल.

मला मात्र सगळ्यात मोलाची गोष्ट कळली ती महिला शाखेच्या वहिनींमुळे. त्या इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “ते सगळं राहू दे. फोटो का उघडत नाहीत ते सांगा.” भाच्याने बघितलं. लोक मोबाइलवरचा फोटो जसाच्या तसा चढवतात, एकेक चार एमबीचा. शाल, मागे कमळविहारचा नवा फ्लॅट, काचेत फोटो काढणाऱ्या काकूंचं प्रतिबिंब, सगळं ठसठशीत. यादीच्या एका पानावर वीस स्थळं, म्हणजे ऐंशी एमबीचं एक पान. पाचशे जणांनी ते एकदा उघडलं की चाळीस जीबी. तेच फोटो शंभर केबीचे केले तर पान दोन एमबीचं आणि पाचशे जणांचा मिळून एक जीबी. चाळीस पट ओझं, आणि ते उतरवायला खर्च शून्य. शिवाय प्रत्येकासाठी यादीचं पान नव्याने शिजवायची गरजच नव्हती. ते दहा मिनिटांतून एकदा करून ठेवलं आणि सगळ्यांना तेच वाढलं तर वाढप्यांचं निम्मं काम संपतं. आम्ही दोन तास मोठ्या चुलीवर भांडत होतो. वहिनींनी भाजी निवडायला सांगितली.

बॅकअपचा विषय मीच काढला, ऐनवेळच्या विषयांत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची पाच मजली इमारत जळाली. लाखो वेबसाइट बंद पडल्या. कितीकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. एका गिऱ्हाइकाचा बॅकअप मूळ माहितीच्या इमारतीतच ठेवला म्हणून २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. हे सांगून मी विचारलं, आपला बॅकअप कुठे आहे? चिटणीस म्हणाले, पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह कुठे? गणपतीच्या मखराच्या खोक्यात. खोकं माळ्यावर. शोधल्यावर सापडला, त्यात २०१९ च्या हळदी-कुंकवाचे फोटो निघाले.

आणि जाता जाता शेवटचं बिंग फुटलं. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, मंडळाच्या नावावर नाहीच. ते ज्यांनी पहिल्यांदा घेतलं त्या माजी सहचिटणिसांच्या खासगी ई-मेलवर आहे. ते आता कॅनडात असतात, आणि मंडळाशी त्यांचं २०१७ पासून बोलणं नाही. कारण कोजागिरीच्या दुधाचा हिशोब.

ठरलं ते असं: मुंबईतला, कंपनीने देखभाल करायचा व्हीपीएस. मुदत एक वर्ष, पाचव्या वर्षीचा दर आधी लेखी विचारून. नोंदणीच्या आठवड्यापुरते वाढपी वाढवून घ्यायचे, नंतर कमी करायचे. बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे, आणि दर तीन महिन्यांनी तो उघडून बघायचा. नोंदणी एकदम सगळ्यांना उघडायची नाही, शहरवार वेगवेगळ्या दिवशी. हा शेवटचा उपाय फुकट होता म्हणून काकांनी स्वतः सुचवला. कॅनडाशी बोलायचं काम माझ्याकडे आलंय, कारण ठरावाला अनुमोदन माझं होतं.

रायपूरकरांचा वार रविवार, दुर्ग-भिलाईचा सोमवार, बाकीच्यांचा मंगळवार. वेळ सकाळी दहा. फोटो दोनशे केबीच्या आतला पाठवा, आणि पान उघडायला वेळ लागला तर कृपा करून रिफ्रेश दाबू नका.