हरळीचा कैवारी

बेंगळूर,
२८ मार्च २०२४

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार.

वरणाला शिट्ट्या होईपर्यंत जेवढे होईल तेवढे लिहितो. दूरचित्रवाणीवर बेंगळूरच्या रिकाम्या घागरी पाहून "आंघोळ तरी मिळते का रे?" असे आईने काल फोनवर कळवळून विचारले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने आलेल्या पाण्यावर ज्या लातूरकरांनी दिवस काढले, त्यांनी कावेरीचे पाणी पिणाऱ्या मुलाची कीव करावी, हा काळाचा महिमाच होय! आंघोळ मिळते; वनवास आहे तो अंगणातल्या हिरवळीला.

पार्सल पावले. मेतकूट चि. ईराने नुसतेच खाऊन संपवले. 'एकमत'च्या जुन्या अंकात गुंडाळलेले खुरपे पाहताच आमच्या बिदरकडच्या माळ्याने इथले रंगीत मुठीचे नाजूक अवजार कोपऱ्यात भिरकावून दिले. मात्र त्या खुरप्याने येथे हरळीची बडदास्त ठेवली जाते, हे दत्ताकाकांच्या कानी जाऊ देऊ नका. जिचे उच्चाटन करण्यात त्यांची उभी हयात खर्ची पडली, तीच हरळी येथील रोपवाटिकेत सतरंजीसारखी गुंडाळून चौरस फुटाच्या भावाने विकतात, आणि सुशिक्षित माणसे ती मोटारीतून मांडीवर घेऊन घरी नेतात.

पावसाआधीची तयारी म्हणाल, तर वाळक्या काड्यांचा थर दाताळ्याने ओरबाडून काढावयाचा, टणक झालेल्या लाल मातीत काट्याने भोके पाडावयाची, त्यांत वाळू व चाळलेले शेणखत भरावयाचे, आणि लव्हाळा खालच्या गाठीसकट उपटावयाचा, कारण गाठ राहिली की तो पुन्हा हजर! गवताचे एवढे लाड कशाला, ही आईची शंका रास्त आहे, पण ही हरळी म्हणजे गणपतीची दूर्वाच. भाद्रपदात जुड्या घरच्या होतील.

परंतु पाणी? ८ मार्चच्या हुकुमान्वये पिण्याचे पाणी बागेस, मोटार धुण्यास वा कारंज्यास वापरणाऱ्यास ५,००० रुपये दंड, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास वर रोजचे ५०० रुपये. होळीच्या सुमारास २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार वसूल झाल्याचे वृत्त आले, तेव्हापासून शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ गच्चीवरून आमच्या झारीवर नजर ठेवून असतात. झारीत तांदूळ धुतलेले पाणी आहे, याची खात्री पटावी म्हणून मी ती त्यांच्या नाकापाशी नेली. त्यांनी गांभीर्याने वास घेतला व "सोना मसुरी" असा निर्वाळा दिला. अर्थात हुकूम गैरवाजवी नव्हे. शंभर किलोमीटरांवरून, सुमारे अर्धा किलोमीटर उंची चढवून आणलेले पाणी गवतास पाजावे, हे कोणास पटेल? टँकर म्हणाल, तर १२,००० लिटरला पाच किलोमीटरांच्या आत १,००० रुपये असा सरकारी भाव ठरला आहे. त्या भावाने टँकर दारात येणे हा निराळा योग. आणि बाबा, ज्यास आपण 'परमुलुख' म्हणता, ती शहाजीराजांची जहागीर होती. पुढे मोगलांनी ते अख्खे गाव म्हैसूरकरांस ३ लाखांत दिले. आज तेवढ्यात येथे मोटार उभी करण्यापुरतीही जागा मिळणार नाही.

आता घरचे. सुमाआत्याने मुलीकडच्यांना बंडूचा पगार वाढवून सांगू नये; तो आकडा शेवटी बंडूसच निस्तरावा लागतो. दत्ताकाकांनी पाणाड्याच्या नारळावर विसंबून आणखी एक बोअर घेऊ नये. वाड्याची मागची भिंत पाडण्याचे बाबांनी एकट्याने ठरवले, हे मात्र मनास लागले. त्या भिंतीलगतच्या काळ्या मातीला चैत्रात एवढ्या भेगा पडत की आमच्या गोट्या आत जात, आणि आम्ही पालथे पडून, काडी घालून त्या शोधत असू. इथल्या मातीस तशा भेगा पडत नाहीत. ईरास गोट्या घेऊन दिल्या, पण खेळ काही रंगत नाही.

दत्ताकाकांस साष्टांग नमस्कार सांगून एवढे कळवावे, की त्यांनी उपटलेली हरळी बांधावर जाळू नये. पोत्यात भरून बंडूबरोबर पाठवावी. येथला चौरस फुटाचा भाव रोख देईन. मुळांना काळी माती चिकटली असेल, तर ती मात्र झटकू नये.

आपला,
मन्या